मेलेल्यांनी बोलायचं नसतं

निरासाकी शुन्साकूचा मला राग होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की हिसामात्सूनं मनात डूख धरून गोष्ट सांगितली. धरलाच होता डूख. अजूनही आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी अख्खा देश त्या माणसाला टीव्हीवर बघत जेवायचा. मालिकेचं नाव 'छत्रीवाला गेन्पाची'. हा गेन्पाची आंधळा. गावोगाव हिंडून मोडक्या छत्र्या दुरुस्त करणार, आणि त्याच्या स्वतःच्या छत्रीच्या दांड्यात तलवार. प्रत्येक भागात एक नवं गाव, एक रडणारी विधवा, एक लबाड सराफ, आणि शेवटी सराफाचे गुंड पटापट मरणार. निरासाकी म्हणजे तो गेन्पाची. गुंड म्हणजे आम्ही.

क्योटोतल्या आमच्या स्टुडिओच्या मागच्या अंगाला एक लांबलचक रंगपट होता. त्याला सगळे 'मोठी खोली' म्हणायचे. खोली मोठी, माणसं छोटी. ज्यांची नावं पडद्यावर येत नाहीत असे सगळे तिथे एका रांगेत बसून तोंडाला रंग लावायचे, डोक्यावर टोप चढवायचे आणि मरायला जायचे. माझं काम मरणं. मी पायऱ्यांवरून गडगडत मेलोय, विहिरीत उलटा मेलोय, एकाच भागात आधी मिशी लावून आणि मग मिशी काढून मेलोय. माझी आई टीव्हीसमोर बसून शेजारणीला सांगायची, "तो बघ, तो पालथा पडलाय ना, तो आमचा."

मरणं सोपं वाटतं लोकांना. एकदा मरून बघा म्हणावं.

आम्हाला मरायला शिकवलं ते कुरामोचीबाबांनी. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटकुळे, पण वार बसला की असे कोसळायचे की बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. सगळी खोली त्यांना बाबाच म्हणायची. शिव्या मात्र सख्ख्या बापापेक्षा जास्त द्यायचे. "हिसामात्सू, मेलास की झोपलास रे? उशी आणू का?" हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मासिकवाल्यांना कुणी कधी सांगितली नाही.

सगळा स्टुडिओ ज्याला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायचा त्या निरासाकीचा सगळा डौल कशावर होता, तर मारामारीत तो डोळे उघडत नाही यावर. इतर नट आंधळा करताना पापण्यांच्या फटीतून बघतात. हा खरोखर गच्च मिटायचा. मुलाखतीत सांगायचा, "मी शत्रूचा श्वास ऐकतो." लोक तोंडात बोटं घालायचे. पण पहिल्या वर्षी, दुसऱ्याच भागात, श्वास ऐकणारे हे महाशय कंदिलाच्या खांबावर असे आपटले की नाकातून रक्त. मग बाबांनी तोड काढली. मारामारीचं चित्रण मुकंच होतं, तलवारींचा खणखणाट आणि किंकाळ्या मागाहून भरतात. तेव्हा आपण आवाज केला तर बिघडतं कुठे? ज्याच्यावर वार व्हायचा त्यानं वाराच्या आधी आपला ठरलेला आवाज द्यायचा, हलकासा. कुणी गवती चप्पल घासायचा, कुणी नाक ओढायचा, कुणी कमरेच्या म्यानावर नख वाजवायचा. मी पाय घासायचो. बाबा दातांत 'च्च' करायचे, दाढेत काही अडकल्यासारखं. त्या आवाजावर निरासाकी फिरायचा, वार करायचा, आणि आम्ही मरायचो. म्हणजे बघा, मरणारेच मारणाऱ्याला हाताला धरून फिरवत होते. पुढे बरीच वर्षं हे असंच चाललं, आणि त्या माणसानं एकदाही "आवाज द्या" असं तोंडानं म्हटलं नाही. जणू आम्ही आपसूक वाजत होतो.

खोलीची दुसरी एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यापायी झाला. आमच्या तलवारी बांबूच्या, वर रुपेरी वर्ख. तरीही लागतं. कधी बोट मोडतं, कधी कान फाटतो. आणि ज्याला लागतं, त्यानंच माफी मागायची. उठायचं, वाकायचं आणि म्हणायचं, "माफ करा, माझी जागा चुकली." चूक कुणाची का असेना. कारण मारणाऱ्याच्या मनात एकदा भीती शिरली की पुढच्या वेळी त्याचा हात बिचकतो, आणि बिचकलेला हात जास्त जखमा करतो. म्हणून त्याचं मन साफ करून टाकायचं. हे औषध आहे, कबुली नव्हे. खोलीतल्या प्रत्येकाला हे कळतं. मारणाऱ्यालाही कळतं, आणि तो लगेच म्हणतो, "छे छे, माझंच चुकलं." इतकं झालं की विषय संपतो.

त्या हिवाळ्यात देवळाच्या अंगणातला प्रसंग होता. ठरलेला वार उजवीकडून वरून खाली. बाबांनी 'च्च' केलं, अगदी वेळेवर, मी त्यांच्या मागेच उभा होतो. निरासाकीच्या डोक्यात ऐन वेळी काय आलं कोण जाणे, त्यानं डावीकडून खालून वर तलवार उसळवली. जास्त झोकात दिसलं असतं म्हणून असेल. बांबू फुटला आणि त्याची कपची बाबांच्या डाव्या डोळ्यात गेली.

बाबा कोसळले. ठरल्याप्रमाणे गुडघा, मग खांदा, मग गाल. 'कट' म्हणेपर्यंत हलले नाहीत. प्रेत हलत नसतं. मग उठले, डोळ्यावर पंजा दाबलेला, बोटांतून रक्त, आणि वाकून म्हणाले, "माफ करा, सेन्सेई. माझी जागा चुकली."

निरासाकी म्हणाला, "लक्ष देत चला."

एवढंच. "माझंच चुकलं" नाही, काही नाही. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाटलं, गडबडला असेल, उद्या म्हणेल. तो उद्या काही आला नाही.

बाबांचा डोळा गेला. टाके निघाले तसे ते डोळ्यावर पट्टी बांधून कामावर हजर झाले, तर दाराशीच उगाजिननं अडवलं. हा उगाजिन आमचा निर्मिती व्यवस्थापक. वरच्यांसमोर लोणी, खालच्यांसमोर सुरी. म्हणाला, "बाबा, तुम्हीच सगळ्यांदेखत कबूल केलंत ना, जागा चुकली म्हणून? दोन डोळे असताना चुकली, आता एकावर काय होणार? दुसऱ्या कुणाला इजा झाली तर?" खोलीच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पट्टी टांगलेली असायची. संध्याकाळपर्यंत बाबांची पट्टी उतरली होती.

जन्मभर दुसऱ्यांचे हात सांभाळायला म्हणून मागितलेली माफी शेवटी बाबांच्याच गळ्याशी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाबांना मागेपुढे कुणी नव्हतं. टोफूवाल्याच्या माडीवर एक खोली, आणि स्टुडिओ. त्यातला स्टुडिओ गेला. तरी रोज सकाळी फाटकापर्यंत यायचे, पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि परत जायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, दिवसभर करता काय?" म्हणाले, "जिना उतरतो, जिना चढतो. हल्ली पायरी कुठे संपते ते कळत नाही, म्हणून वेळ बरा जातो." आणि हसले. मला हसू आलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्यांना खोलीत परत आणायचं तर एकच वाट होती. निरासाकीनं उगाजिनला सांगायचं, वार माझा चुकला. एक वाक्य. त्याचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. म्हणून हंगामाच्या शेवटच्या भागाचं चित्रण होतं, त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खाजगी रंगपटात गेलो. दाराशी चपला काढल्या, गुडघे टेकले, आणि वाकलो. तो वाडग्यातल्या उदोनच्या जाड शेवया सुर्र सुर्र ओढत होता. उगाजिन बाजूला बसून त्याच्या चहाच्या कपाकडे असा बघत होता, जणू कप रिकामा झाला तर त्याची नोकरी जाईल.

"कोण?" निरासाकीनं वर न बघता विचारलं.

"मोठ्या खोलीतला हिसामात्सू, सेन्सेई."

"बोल."

"कुरामोचीबाबांबद्दल. त्या दिवशी वार खालून आला. बाबा जागेवरच होते. तुम्ही उगाजिन-सानना एवढं सांगितलंत तर..."

"अरे, ही काय वेळ आहे?" उगाजिन फिस्कारला. "सेन्सेई जेवताहेत!"

"जेवता जेवता ऐकता येतं," मी म्हणालो. "सेन्सेईंचे कान तर देशात प्रसिद्ध आहेत."

निरासाकीनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर मिटलेले ते डोळे उघडे असले की फार लहान दिसायचे.

"तुझं नाव काय म्हणालास?"

"हिसामात्सू."

"हिसामात्सू, तू काम काय करतोस?"

"मरतो."

"मग मेलेल्यांनी बोलायचं नसतं, एवढं शिकवलं नाही तुझ्या बाबांनी? त्यांनी स्वतःच्या तोंडानं माफी मागितली. मी मागायला लावली नव्हती."

"ती खोलीची रीत आहे, सेन्सेई. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मला एवढंच ठाऊक आहे की ज्याची चूक नाही तो माफी मागत नाही." त्यानं वाडगा पुन्हा उचलला. "आणि तुमच्या त्या चपला घासण्यानं, नाक ओढण्यानं मी काम करतो असा तुमचा समज असेल, तर तो काढून टाका. उलट त्रास होतो मला. मी श्वास ऐकतो."

"ऐकलंस ना?" उगाजिन म्हणाला. "नीघ आता. जास्त शहाणपणा केलास तर तुझीही पट्टी उतरवीन."

मी वाकलो, बाहेर आलो, चपला घातल्या. उलटसुलट घातल्या. रागानं. चोर तो चोर, वर शिरजोर! खोलीत जाऊन मी त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्रास होतो म्हणाला. तोंडाला रंग लावत बसलेली सगळी माणसं थांबली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मग नको देऊ या त्रास." आणखी काही ठरवावं लागलं नाही.

संध्याकाळी जाऊन मी बाबांना सांगितलं, उद्या नदीवर या. कशाला ते सांगितलं नाही.

शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंग असा होता. नदीच्या दगडी बांधावर गुंड गेन्पाचीला गाठतात. तो कानानं लढतो हे त्यांना आता कळलेलं असतं. म्हणून ते चपला काढतात, अनवाणी, श्वास रोखून, चहूबाजूंनी त्याच्याकडे सरकतात. बाजूला धरणाचं पाणी धो धो कोसळत असतं. मोठा थरार. लेखकानं फारच डोकं लढवलं होतं. आम्ही त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण आम्हाला जे करायचं होतं तेच त्यानं कागदावर लिहून दिलं होतं.

दुपारचं ऊन लख्ख होतं. मालिकेला जाहिरात देणाऱ्या औषध कंपनीचे साहेब बायका घेऊन आले होते, त्यांच्यासाठी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. उगाजिन त्यांच्या मागे पुढे नाचत होता. "आता बघा हं, सेन्सेई एकदा डोळे मिटले की उघडतच नाहीत. बाँब पडला तरी नाही!" साहेबांच्या बायका "खरंच?" म्हणाल्या. निरासाकीनं छत्री काखेत धरून त्यांना वाकून नमस्कार केला.

बाबा आले होते. स्वेटर, पायात रबरी बूट, हातात फडक्यात बांधलेले भाताचे गोळे. बांधाच्या टोकाशी, विलोच्या झाडाखाली बसले. निरासाकी त्यांच्या समोरून गेला. मान हलवली असती तर मानेचं हाड झिजलं असतं बहुतेक.

तालीम झाली. तालमीत तो डोळे उघडे ठेवतो, कोण कुठून येणार ते पाठ करून घेतो. आम्ही शहाण्यासारखे ठरलेल्या जागी उभे राहिलो. दिग्दर्शक पलीकडच्या काठावर, कॅमेऱ्यामागे. "तयार... स्टार्ट!"

निरासाकीनं डोळे मिटले.

आम्ही चपला काढल्या आणि जागा बदलल्या.

तो उभा होता, मान जरा तिरकी, ओठांवर ते गेन्पाचीचं गूढ हसू. पहिला आवाज माझा यायचा, उजवीकडून. मी डावीकडे होतो आणि तोंड मिटून होतो. पाणी कोसळत होतं. तो थांबला. आणखी थांबला. मग पाठांतरावर भरवसा ठेवून उजवीकडे फिरला आणि सपकन वार केला. तिथे हवा होती. हवा काही मरत नाही.

पुन्हा वार, मागे. तिथेही कुणी नाही. आम्ही लेखकानं लिहिल्याप्रमाणे अनवाणी सरकत होतो, तलवारी उगारलेल्या, चेहरे क्रूर. कॅमेऱ्यातून फार छान दिसत असणार, कारण दिग्दर्शक गप्प होता. निरासाकीचं हसू मात्र ओठांवरून सरकायला लागलं. त्यानं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. श्वास ऐकत असेल. आम्ही श्वासही त्या पाण्याच्या तालावर सोडत होतो.

त्यानं डोळे उघडायला हवे होते. साधी गोष्ट होती. पण समोर खुर्च्या होत्या, साहेब होते, त्यांच्या बायका होत्या. वार करत, गिरक्या घेत तो सरकू लागला, आणि दिशा हरवलेला माणूस नेमका जिकडे जाऊ नये तिकडे जातो. तो बांधाच्या कडेकडे निघाला. खाली पुरुषभर खोल उतार, आणि त्याखाली पाण्यात सुळ्यांसारखे खडक. पलीकडच्या काठावरून कॅमेऱ्याला ती कड दिसत नव्हती. खुर्च्यांवरूनही दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त बांधावरच्यांना.

आमच्यातला कुणी बोलला नाही. मी सर्वांत जवळ होतो. नुसता पाय घासला असता तरी पुरलं असतं. मी घासला नाही. तो पडावा असं मला वाटत होतं. त्याचं तोंड फुटावं, दात पडावेत, त्यानं पाण्यात पालथं पडून बघावं मरण म्हणजे काय असतं. हे मी आज थंड डोक्यानं सांगतोय, कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

त्याची टाच कडेवर आली.

"च्च."

तो दातातला आवाज पाण्याच्या गडगडाटातूनही सगळ्यांना कळला. बाबा. झाडाखालून कधी उठले, कधी धावले, कुणी पाहिलं नाही. रबरी बूट घालून, स्वेटर घालून, भर चित्रणात ते बांधावर उभे होते, कडेच्या उलट बाजूला. हातात तलवार नाही, भाताचं गाठोडं.

निरासाकी त्या आवाजावर असा फिरला, जसा बुडणारा दोरीवर झडप घालतो. आणि सगळी भीती एकवटून त्यानं वार केला. बांबू बाबांच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. काड् असा आवाज मी ऐकला.

बाबा मेले. म्हणजे, आमच्यासारखे मेले. गुडघा, खांदा, गाल. गाठोडं हातातून सुटून भाताचे गोळे बांधावरून गडगडत गेले. मी आयुष्यात पाहिलेलं ते सर्वांत देखणं मरण, आणि ते रबरी बूट घातलेल्या माणसानं केलं होतं, त्यामुळे पडद्यावर कधी येणार नव्हतं.

"कट! कट! तो स्वेटरवाला कोण आहे?" पलीकडून दिग्दर्शक ओरडला.

आम्ही धावलो. बाबा उठून बसले होते, डावा हात लोंबत होता. सवय काय असते बघा. ते धडपडत गुडघ्यांवर आले, निरासाकीकडे वळले, आणि वाकायला लागले. तोंड उघडलं, "माफ..."

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात. मी तोंडच धरलं. घट्ट. "नाही," मी म्हणालो. "आज नाही बाबा. आज मागितलीत तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

सगळे थांबले होते. उगाजिन धापा टाकत आला आणि तिथेच अडला. निरासाकी उभा होता. डोळे आता उघडे होते. त्यानं मागे वळून बांधाची कड पाहिली, खालचे खडक पाहिले, आणि मग आमच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या कपाळावरचा रंग घामानं ओघळत होता.

बाबांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. "सोड रे, कांद्याचा वास मारतोय हाताला." मग त्यांनी त्या एका डोळ्यानं निरासाकीकडे पाहिलं. वाकले नाहीत.

"सेन्सेई, वार तुमचा चुकला," ते म्हणाले. "आजचा. आणि डोळ्यावरचाही. मी जागेवरच होतो."

"काय बोलताय बाबा!" उगाजिन किंचाळला. "पाहुणे आहेत! सेन्सेई, यांना वयामुळे..."

"गप्प बस, उगाजिन," निरासाकी म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?" हे मी विचारलं.

"वार माझा होता. त्याच दिवशी माहीत होतं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की छाती हलकी होईल. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. कळलं नसतं तर एक वेळ मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. हा जाणून होता! सगळा हिवाळा जाणून होता, उदोन ओढताना जाणून होता, आणि माणूस जिन्याच्या पायऱ्या चाचपत होता.

"मग इतके दिवस काय केलंत?" बाबांनी विचारलं. रागावून नाही. खरंच विचारलं.

निरासाकीनं छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "तुम्ही माफी मागितलीत. मी घेतली."

"ती तुमच्या हातासाठी होती," बाबा म्हणाले. "तुमच्यासाठी नव्हती."

खुर्च्यांवरून एका साहेबाची बायको नवऱ्याला विचारत होती, हेही कथेत आहे का. निरासाकीनं उगाजिनकडे न बघताच सांगितलं, "कुरामोची-सानना डॉक्टरकडे पाठव. गाडी माझी ने. आणि यांचं नाव खोलीत परत लाव. वार माझा चुकला होता, वरच्यांना असंच सांग. याच शब्दांत."

"हो, सेन्सेई. लगेच, सेन्सेई." उगाजिननं बाबांना उठायला हात दिला. बाबांनी तो घेतला नाही. आपले आपण उठले, आम्हाला म्हणाले, "काय ध्यानासारखे बघताय? ऊन उतरतंय. माझ्यापायी एक रीळ फुकट गेलं, दुसरं घालवू नका." आणि जाता जाता माझ्या टाळक्यात उजव्या हातानं एक ठेवून दिली. "माणसाला कड दाखवायची असते, गाढवा. खाली ढकलायचं नसतं."

"मी कुठे ढकललं?" मी म्हणालो.

"तेच ते," बाबा म्हणाले आणि गाडीत बसले.

बाबांचं खरं असेल. मला अजून पटलेलं नाही.

रंग पुसून पुन्हा लावला. आम्ही ठरल्या जागी उभे राहिलो, या वेळी खरोखरच ठरल्या जागी. निरासाकी मधोमध आला. साहेब, बायका, सगळं तसंच. दिग्दर्शकानं पलीकडून हात वर केला. निरासाकीनं डोळे मिटण्याआधी आमच्यावरून एकदा नजर फिरवली, आणि आम्हालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला,

"आवाज द्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं डोळे मिटले. "स्टार्ट!"

पाणी कोसळत होतं. पहिला आवाज माझा होता. सगळी खोली तलवारी उगारून माझ्या पायाकडे बघत होती. निरासाकीची मान तिरकी झाली, पण हसू काही येईना. छत्रीच्या दांड्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती. तो माझी वाट बघत होता, आणि मी येईन की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

मी त्याला थांबू दिलं. मग पाय घासला.